कौलाच्या ताटासाठी एक झाड

कोकोच्या बागा संपल्या आणि ओनाजिदे बाबा उजवीकडच्या पायवाटेला वळले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते जुन्या गावठाणाकडे निघालेत.

त्यांच्या खांद्यावर कुऱ्हाड होती. माझ्या हातात पाण्याचा डबा आणि केळीच्या पानात बांधलेला उकडलेला कंद. सकाळी इलेमो गावातून निघालो तेव्हा मी धरून चालले होते की ओढ्याकाठच्या राईत जायचंय. ती जवळ आहे, कोरायच्या आपा लाकडाची जाड झाडं तिथं आहेत, आणि बाबांचं लाकूड जन्मभर तिथूनच आलंय. पण ओढा आला तशी बाबांनी मान खाली घातली आणि पूल ओलांडून सरळ चालत राहिले.

"बाबा, राई मागे राहिली," मी म्हटलं.

"हं."

"मग लाकूड?"

"तिथं नको."

तिथं का नको ते मला तेव्हाच कळलं. आपला मुलगा त्या राईत पुरलाय अशी त्यांची समजूत होती. तो तिथं नव्हता. आम्ही आता ज्या बाजूला चाललो होतो, त्या बाजूला होता.

आणि हे मी त्यांना सांगू शकत नव्हते. योरुबा मुलखात पोराच्या मातीला आईबाप जात नाहीत. जायचं तर नाहीच, जागासुद्धा त्यांच्या कानावर पडू द्यायची नाही. पोरानं बापाला पुरायचं असतं; उलटं झालं तर ते बापाच्या डोळ्यांनी बघायचं नसतं. मुलाच्या बरोबरीचे लोक नेतात, माती देतात, हातपाय धुऊन येतात आणि तोंड बंद ठेवतात. सगळ्या गावाला ठाऊक असतं, दोघांना सोडून. ती दोघं त्याच गावात, त्याच वाटांवरून पुढची सगळी वर्षं चालतात.

फातोसिन गेला तेव्हा तिशीत होता. शेजारच्या गावात एका बाळाच्या बारशाला कौल लावायला गेला होता, येताना लॉरी उलटली. इस्पितळातून त्याला आणायला आमचे हे शाळेची गाडी घेऊन गेले. हे इलेमोच्या शाळेत गणित शिकवायचे, आणि गावात चारचाकी तेवढी एकच. इस्पितळातल्या बायकांशी बोलायला कुणीतरी हवं म्हणून मीही गेले होते. तीच गाडी पुढं मातीच्या जागी गेली आणि मी तीत होते, म्हणून मला ठाऊक.

बाबांच्या नावातच ओना आहे, ओना म्हणजे कोरीवकाम. बाप कोरणारा, आजा कोरणारा. आमच्या घराच्या मागच्या कुंपणापलीकडे त्यांचं छप्पर होतं. सकाळी माझी पूजा चालायची तेव्हा पलीकडे लाकूड तासायच्या वाकसाचे घाव पडत असायचे, त्या ठेक्यावर माझं नामस्मरण चालायचं. त्यांनी पूर्वी राजवाड्याचे दरवाजे केले, खांब केले. उतारवयात मात्र कौलाचंच सामान करायचे. वाटोळं ताट, कौलाची फळं ठेवायचा झाकणाचा करंडा, आणि ताटाच्या काठावर ठोकून देवाला जागं करायची टिपरी. ताटात पिवळी भुकटी पसरतात, कौल लावणारा त्यात बोटांनी खुणा उमटवतो आणि त्या खुणांचे श्लोक म्हणतो. काठावर कोरीव चित्रं असतात, ती कोरणाऱ्याच्या मनाची: पक्षी, साप, ओझं घेतलेली बाई, सायकलवरचा माणूससुद्धा. पण वरच्या बाजूला एक तोंड असावंच लागतं. ते एशूचं, निरोप नेणाऱ्या देवाचं. ताट मांडताना ते तोंड समोर येईल असं मांडायचं, म्हणजे माणूस खुणा काढतो आणि एशू त्याच्याकडे बघत बसतो.

माझ्या देवांसाठी पाट करून द्या म्हणून मी गेले तेव्हा बाबांनी पहिला प्रश्न विचारला होता, "तुझे देव तुझ्याकडे बघतात की पलीकडे?"

"माझ्याकडे."

"मग बरं आहे. पाठ फिरवून बसलेल्या देवासाठी मी काही करत नाही. गिऱ्हाइकंच पुष्कळ तशी असतात."

असं बोलायचे तेव्हा. मुलाशी तर रोजच जुंपायची. फातोसिननं वाकस हातात धरला नाही. लहानपणीच तो अवोसान्मींच्या ओसरीवर जाऊन श्लोक पाठ करत बसला. अवोसान्मी म्हणजे गावातले कौल लावणारे थोरले. बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "मी लाकूड तासतो, हा तोंड तासतो. माझं तरी काहीतरी शिल्लक राहतं." त्यावर फातोसिन म्हणायचा, "बाबा, तुमचं ताट माझ्या तोंडाशिवाय पोळ्या लाटायलाच जाईल." तिथं पोळ्या लाटत नाहीत, ते त्यानं माझ्या स्वैपाकघरात पाहिलं होतं. पण त्याची शिकवण पुरी झाली तेव्हा बाबांनी त्याला जे ताट करून दिलं तसं दुसरं मी पाहिलं नाही. अंगणात सगळ्यांसमोर दिलं आणि वर म्हणाले, "घे. लाट आता."

तो गेल्यावर अवोसान्मींनी त्याच्याच फळांनी कौल लावला. फळं घरात राहू देत, ताट त्याच्याबरोबर जाऊ दे, असं निघालं. बाबा भिंतीपलीकडे बसून होते. आतून कुणीतरी येऊन ताट मागितलं. बाबांनी उठून ते खुंटीवरून काढलं, सदऱ्याच्या बाहीनं पुसलं, दिलं आणि परत येऊन बसले.

रडले नाहीत. निदान कुणी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडे वाकसाचा आवाज सुरू झाला तेव्हा मी माळ हातात धरून तशीच थांबले. आवाज तोच होता. ठेकासुद्धा तोच. एकदा वाकस अंगठ्यावर बसला, मी कुंपणातून पाहत होते. बाबा अंगठ्याकडे बघत राहिले. रक्त लाकडावर ठिबकत होतं आणि ते बघत होते, दुसऱ्याचं काही चाललंय असं. मी चिंधी घेऊन गेले. त्यांनी हात पुढे केला, मी बांधलं, त्यांनी पुढचा घाव घातला.

तिथं माणसाला पहिल्या मुलाच्या नावानं हाक मारतात. जन्मभर ते "फातोसिनचे बाबा" होते. तो गेला त्याच दिवशी लोकांनी नाव बदललं. इबादानला दिलेली मुलगी आहे, अजोके. तेव्हापासून ते "अजोकेचे बाबा" आणि त्यांची बायको "अजोकेची आई" झाली. कुणी ठरवलं नाही, सगळ्यांच्या तोंडून आपोआप तेच आलं. आई वळून बघायची. बाबा बघायचे नाहीत. लोक मागून हाका मारत राहायचे आणि ते चालत राहायचे. मानी म्हणून नव्हे, ती हाक आपल्याला आहे हे त्यांना कळतच नसे. मी नुसतं "बाबा" म्हणायची, त्याला ते ओ द्यायचे.

घरातलं लाकूड संपलं आणि वाकसाचा आवाज थांबला. बाबा ओसरीवर रिकामे बसू लागले. तिथं प्रत्येक गोष्टीला वेगळा नमस्कार असतो: चालणाऱ्याला चालण्याचा, काम करणाऱ्याला कामाचा, बसलेल्याला बसण्याचा. त्यांना बसण्याचा नमस्कार करायला कुणाची जीभ उचलेना. लोक कुंपणाच्या दुसऱ्या अंगानं जाऊ लागले.

मग एक दिवस अवोसान्मी काठी टेकत आले आणि म्हणाले की त्यांच्या ताटाला फट गेलीय, नव्या कंदाच्या सणाआधी नवं हवं, आणि दुसऱ्या कुणाच्या हातचं ते मांडीसमोर ठेवणार नाहीत. बाबा म्हणाले, "हं."

अजोकेची आई नंतर मला चुलीपाशी म्हणाली, "ती फट माझ्या लग्नाच्या वेळचीय. आत्ता दिसली म्हाताऱ्याला." आणि चुलीत लाकूड सारत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे उद्या झाड बघायला जातील. गावातला कुणी यायला तयार नाही. प्रत्येकाचा पाय दुखतोय. तू जा बरोबर."

कुणाचे पाय दुखत नव्हते. आपल्या तोंडावरून म्हाताऱ्याला जागा कळेल ही भीती होती.

"मी जाऊन काय करणार?" मी विचारलं.

"तुझं तोंड आम्हाला अजून वाचता येत नाही," ती म्हणाली. "इतकी वर्षं झाली. मिरची जास्त झालीय का तेसुद्धा कळत नाही."

तिला किती ठाऊक होतं, मी विचारलं नाही. अजून मला वाटतं, ठाऊक असावं. आईनं विचारायचं नसतं, पण गाडीला चिखल कुठला लागलाय ते तिनं पाहिलं असेल.

तर असे आम्ही चाललो होतो. फाट्यावर चवळीची भजी तळणारी बाई बसते, ती तोंडाळ म्हणून गावात प्रसिद्ध. तिनं लांबूनच चालण्याचा नमस्कार केला आणि म्हणाली, "अजोकेचे बाबा, नवी बायको केलीत वाटतं? आणि तीसुद्धा गुंडाळलेली?" माझ्या साडीला ती कायम तसं म्हणायची.

बाबा पुढे गेले होते. मी म्हटलं, "जुनीला विचारूनच केलीय."

ती हसली, पण तिनं बाबा कुठल्या वाटेला लागलेत ते पाहिलं आणि तिचं हसू तिथंच थांबलं. कढईतला झारा तिनं तसाच वर धरला होता. मग पानात भजी घालून माझ्या हातात कोंबली आणि हळूच म्हणाली, "मीनाची आई, तिकडं कशाला?"

मी म्हटलं, "ते पुढं, मी मागं."

"मग मागं राहू नकोस."

मी झपाझप चालून बाबांना गाठलं. भजी दिली, त्यांनी खाल्ली. गरम आहेत की गार, त्यांच्या तोंडाकडे बघून समजलं नसतं. शेवटचं भजं खाऊन त्यांनी पान चुरगाळून टाकलं आणि आपण होऊन बोलले, त्या दिवसातलं पहिलं लांब वाक्य.

"गावठाणात कुणी जात नाही आता. तिथं झाडं मोकळी आहेत."

"तिथली आपाची झाडं जुनी झाली असतील," मी म्हटलं. "पोकळ."

"बघू."

त्यांच्या हिशेबात चूक नव्हती, हीच अडचण होती. फातोसिनला आणलं त्या दिवशी ओढ्याचा पूल पाण्याखाली होता. पलीकडे कुणी जाऊ शकणार नाही, म्हणजे ओढ्याच्या अलीकडेच कुठंतरी, म्हणजे राईत. शिवाय नंतर एकदा ते राईत गेले होते तेव्हा तिथं लाकडं तोडणारी पोरं एकदम गप्प झाली होती. पोरं गप्प झाली ती त्यांना बघून, जागेमुळे नव्हे. पण बाबांनी दोन्हींची गाठ मारली. दुपारनंतर पाणी उतरलं होतं, ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. गाडी पूल ओलांडून गेली. वाडवडील जिथं आहेत तिथं, जुन्या गावठाणात, त्याला नेलं. झुकलेलं आपाचं झाड आणि वारुळ, त्यांच्या मध्ये. ताट त्याच्या छातीशी ठेवलं, एशूचं तोंड त्याच्याकडे करून. ठेवणाऱ्या पोरानं आधी उलटं धरलं होतं, मग फिरवलं. वर खूण काही ठेवली नाही. ठेवायची नसतेच.

गावठाणात मातीच्या भिंतींचे नुसते उंचवटे उरलेत, त्यावर गवत. बाबा त्यातून वाट काढत चालले. हे अमक्याचं घर, ही विहीर, असं कुणी दुसरा बोलला असता. त्यांचा जन्म तिथलाच. एका झाडाशी थांबले, बोटाच्या पेरांनी खोड वाजवलं, कान लावला, पुढे गेले. दुसरं वाजवलं, पुढे गेले. मी मनात नाव घेत होते. देवा, ह्यातलंच एखादं चांगलं वाजू दे, एवढंच मागणं होतं.

मग ते झुकलेल्या झाडाशी आले.

त्यांनी ते वाजवलं आणि थांबले. परत वाजवलं, जरा वर. खोडाला तळहात लावून वरपर्यंत पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, कामाचं माणूस काम बघून हलतं तसं.

"हे," ते म्हणाले. "ऐकलंस?"

मी ऐकलं होतं. भरीव, घट्ट आवाज होता. तसं लाकूड राईतसुद्धा मिळालं नसतं.

झाड तोडायच्या आधी तिथं झाडाला विचारतात. कोलाची बी चार पाकळ्यांत फोडून जमिनीवर टाकायची, दोन उताण्या आणि दोन पालथ्या पडल्या तर झाडाची ना नाही. पहिला घाव कोरणाऱ्यानं घालायचा, मग करवतवाले येऊन उरलेलं करतात. बाबांनी खिशातून कोला काढला. हातात धरून बघत राहिले, आणि न फोडता परत खिशात टाकला. मुलगा गेल्यापासून त्यांनी कुणालाच काही विचारलं नव्हतं. देवालाही नाही, झाडालाही नाही. कुऱ्हाड खांद्यावरून उतरवून ते खोडाच्या उतरत्या बाजूला गेले. वारुळाच्या बाजूला. घाव घालायला तीच जागा नीट पडत होती.

मी त्यांच्या पुढून गेले आणि खोडाला पाठ लावून खाली बसले.

"दम लागला, बाबा. जरा बसते."

ते थांबले. तिथली माणसं बसलेल्याला उठवत नाहीत. त्यांनी पाणी मागितलं, मी डबा दिला, ते प्यायले. मी कंद सोडला, निम्मा त्यांना दिला, निम्मा मला घेतला. त्यांनी उभ्यानंच खाल्ला. मी जितकं हळू खाता येईल तितकं हळू खाल्लं. मग खायचं काही उरलं नाही.

"ऊठ आता, मीनाची आई."

"अजून दम गेला नाही."

"त्या बाजूला बस. सावली तिकडेच जास्त आहे."

"इथंच बरं वाटतंय."

त्यांनी कुऱ्हाडीचा दांडा जमिनीला टेकवला. माझ्याकडे बघितलं. मी माझं तोंड होतं तसं ठेवलं, जे कुणाला वाचता येत नव्हतं. मग त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं, पायांपुढच्या जमिनीकडे, वारुळाकडे. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. गवत सगळीकडे होतं तसंच तिथं होतं.

"त्या दिवशी पूल पाण्याखाली होता," ते म्हणाले.

मी केळीच्या पानाची घडी घातली.

"दिवसभर काही राहत नाही पाणी."

मी मान हलवली नाही, डोळे हलवले नाहीत. एक मुंगळा हातावर चढत होता, तोही झटकला नाही.

बाबांनी सावकाश पाठ फिरवली. कुऱ्हाड परत खांद्यावर घेतली आणि गवतातून चालत गेले, आलेल्या वाटेनं नव्हे, विहिरीच्या बाजूनं. एका पडक्या भिंतीच्या उंचवट्यावर माझ्याकडे पाठ करून बसले. बसून राहिले. मी उठले, लुगडं झटकलं. झाडापासून निघताना मनातल्या मनात हात जोडले, खरे जोडले असते आणि त्यांनी वळून पाहिलं असतं, तर कळलं असतं. मग त्यांच्यापासून चार हातांवर जाऊन उभी राहिले. ते रडत असतील असं मला वाटलं होतं. रडत नव्हते. समोर बघत होते. त्यांच्या डोळ्यांपुढे दुसरं एक आपाचं झाड होतं, सरळ, जरा बारीक. एका ताटापुरतं होतं.

मी तिथल्या रीतीप्रमाणे वाकून त्यांना बसण्याचा नमस्कार केला. कुणीतरी करायला हवा होता.

त्यांनी तो घेतला. "हं," म्हणाले. मग विचारलं, "तू दमली होतीस. एवढंच ना?"

"एवढंच, बाबा."

"वय झालं तुझं."

"झालं."

त्यांनी खिशातून तो कोला काढला, दोन्ही हातांत धरला आणि माझ्यापुढे केला. वडीलधारा माणूस बाईपुढे असे दोन्ही हात करत नाही. मी ओंजळ केली, त्यांनी तो तीत ठेवला. माझ्याकडे न बघता, त्या सरळ झाडाकडे बघत बोलले.

"लाकडासाठी मला आता इकडंही यावं लागणार. राईत काही नाही म्हणजे राईतही जाईन. तू बरोबर येत जा. काही सांगू नकोस, मी विचारलं तरी सांगू नकोस. नुसती दमत जा. पण मीनाची आई, दर वेळी त्याच एका झाडाखाली दमू नकोस. इथं दम, राईत दम, वाटेत कुठंही दम. ह्या सरळ झाडाखालीसुद्धा आत्ता जाऊन थोडी बस. म्हणजे मला कळायचं नाही."